डॉक्टर साळुंखेंचे पणजोबा

दूरचित्रवाणीवर गुन्हेगारीची मालिका लागली की घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष खुनी कोण हे पहिल्या पाच मिनिटांत जाहीर करून मोकळा होतो. दुसरा पक्ष पहिल्याला गप्प बसवण्यात निम्मी मालिका घालवतो. पण एक क्षण असा येतो की दोन्ही पक्ष आपोआप शांत होतात. पांढऱ्या कोटातले डॉक्टर काचेची नळी उजेडाकडे धरतात, सूक्ष्मदर्शकात डोकावतात आणि मान वर करून काहीतरी सांगतात. त्यानंतर वादाला जागा उरत नाही. पोलिसांनी सांगितले तर शंका घेता येते, साक्षीदाराने सांगितले तर त्याची उलटतपासणी करता येते. प्रयोगशाळेने सांगितले की संपले!

‘सीआयडी’ ही मालिका जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाली आणि २०१८ पर्यंत चालली. डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा पडद्यावर आली. शिवाजी साटम यांचे एसीपी प्रद्युम्न आणि नरेंद्र गुप्ता यांचे डॉक्टर साळुंखे ही मंडळी वीस वर्षांत घरातलीच झाली. मालिकेचे कर्ते बी. पी. सिंग यांनी त्याआधी मराठीत ‘एक शून्य शून्य’ केली होती, तीही पुष्कळांना आठवत असेल. तिकडे अमेरिकेत २००० साली ‘सीएसआय’ सुरू झाली आणि प्रयोगशाळाच नायिका असलेल्या मालिकांची जगभर लाट आली. आज हिंगोली जिल्ह्यातल्या साखऱ्यासारख्या गावातही डीएनए, फॉरेन्सिक, पोस्टमॉर्टेम हे शब्द कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. तसे यातले काही शब्द मराठवाड्याच्या वाचकाला मालिकांच्या आधीपासून ठाऊक आहेत. व्हिसेरा राखून ठेवण्यात आला, ठसेतज्ज्ञांना पाचारण करण्यात आले, श्वान मुख्य रस्त्यापर्यंत जाऊन तेथेच घुटमळले, ही वाक्ये आपल्या वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे छापून येत आहेत. मालिकेतले श्वान मात्र कधी घुटमळत नाही, एवढाच काय तो फरक.

हा पांढऱ्या कोटातला सर्वज्ञ माणूस आला कोठून? तो दूरचित्रवाणीने जन्माला घातलेला नाही. त्याचे मूळ शोधत गेले की आपण सव्वाशे-दीडशे वर्षे मागे, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका दवाखान्यात जाऊन पोहोचतो. दवाखान्यात रोगी फारसे नाहीत. डॉक्टर तरुण, धिप्पाड, मिशाळ आणि कर्जबाजारी नसला तरी ओढगस्तीचा. रिकाम्या वेळात तो गोष्टी लिहितो आहे. त्याचे नाव आर्थर कॉनन डॉइल.

शेरलॉक होम्सचा जनक म्हणून डॉइलला सारे जग ओळखते. भालबा केळकरांच्या अनुवादांमुळे तो मराठी घरांतही येऊन बसला, आणि हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांवर वाढलेल्या वाचकांनी त्याला परका मानले नाही. पण डॉइलचे स्वतःचे आयुष्य होम्सच्या गोष्टींपेक्षा कमी रंजक नाही. प्रयोगशाळेच्या शब्दावर आपण किती विश्वास ठेवावा आणि कोठे थांबावे, हे त्या आयुष्यातून जितके कळते तितके कुठल्याही मालिकेतून कळत नाही.

एडिंबरोचा विद्यार्थी

डॉइलचा जन्म २२ मे १८५९ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. घराणे मूळचे आयरिश, कॅथलिक. वडील चार्ल्स सरकारी कचेरीत नोकरीला होते; हात चित्रकाराचा, पण दारूने त्यांना पोखरले. त्यांची अखेरची वर्षे मनोरुग्णालयात गेली. घर ओढले ते आई मेरीने. ती वाचनवेडी होती आणि मुलांना गोष्टी अशा रंगवून सांगे की पुढे डॉइल आपल्या लेखनाचे श्रेय तिलाच देत असे.

नातलगांच्या मदतीने तो जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत शिकला आणि १८७६ साली एडिंबरो विद्यापीठात वैद्यक शिकायला दाखल झाला. तेथे त्याला डॉ. जोसेफ बेल हे शिक्षक भेटले. बेल शल्यविशारद. रोगी समोर येऊन बसला की तो तोंड उघडण्यापूर्वीच ते त्याचा धंदा, गाव, सवयी सांगून मोकळे होत. एकदा एक माणूस आला, त्याने डोक्यावरची टोपी काढली नाही. बेल यांनी त्यावरून ओळखले की हा सैन्यात होता आणि नुकताच सुटला आहे, कारण सैन्यात टोपी काढण्याची रीत नसते आणि नागरी जीवनाची सवय अजून अंगवळणी पडलेली नाही. त्याला हत्तीरोग झाला होता, तो रोग वेस्ट इंडीजकडचा. म्हणून हा बार्बाडोसला होता. विद्यार्थी थक्क होत. बेल यांनी डॉइलला बाह्यरुग्ण विभागात आपला मदतनीस नेमले, आणि ही किमया त्याला रोज जवळून पाहायला मिळाली. होम्सचा सांगाडा तेथेच तयार झाला.

शिकत असतानाच त्याने एक अचाट उद्योग केला. जेल्सेमियम नावाच्या वनस्पतीचे औषध तेव्हा मज्जातंतूंच्या दुखण्यावर देत. जास्त झाले तर ते विषच. डॉइलने रोज थोडा थोडा डोस वाढवत ते स्वतःवरच आजमावले, लक्षणे टिपून ठेवली, आणि १८७९ साली त्याचे टिपण ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आले. पुढे होम्स विषे हाताळताना दिसतो तेव्हा ते लेखकाचे ऐकीव ज्ञान नसते.

एक फेरी आर्क्टिकमध्ये व्हेलची शिकार करणाऱ्या जहाजावर, दुसरी पश्चिम आफ्रिकेकडे, अशी जहाजावरची डॉक्टरकी करून १८८२ साली त्याने पोर्ट्समथजवळच्या साउथसी येथे दवाखाना थाटला. नोकर ठेवण्याची ऐपत नव्हती. दारावरची पितळी पाटी स्वतःच, कुणी पाहू नये अशा वेळी, घासून लख्ख करावी लागे. १८८५ साली त्याने लुइझा हॉकिन्स हिच्याशी लग्न केले आणि त्याच वर्षी एम.डी.ची पदवीही मिळवली.

नळीतले रक्त

१८८७ च्या नाताळ अंकात होम्सची पहिली कादंबरी ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ प्रसिद्ध झाली. सर्व हक्कांसह तिचे मोल मिळाले पंचवीस पौंड! या कादंबरीत होम्स वाचकाला प्रथम भेटतो तो एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत. रक्ताचा सूक्ष्म अंश ओळखणारे रसायन आपल्याला सापडले, या आनंदात तो आहे. कपड्यावरचा डाग रक्ताचा की गंजाचा की फळाच्या रसाचा, हे ठरवता न आल्याने किती खुनी सुटले, याचा तो हिशेब मांडतो.

ही गोष्ट केव्हा लिहिली गेली हे ध्यानात घेतले पाहिजे. माणसाच्या रक्ताचे गट कार्ल लँडस्टाइनर यांनी शोधून काढले ते विसाव्या शतकाच्या तोंडावर. डाग माणसाच्या रक्ताचा की जनावराच्या, हे सांगणारी जर्मन संशोधक उलेनहुट यांची चाचणी १९०१ ची. पोलिसांसाठीची पहिली खरी प्रयोगशाळा फ्रान्समधील लिऑन येथे एडमंड लोकार्ड यांनी काढली ती १९१० मध्ये, तीही न्यायालयाच्या माळ्यावरच्या दोन खोल्यांत. दोन वस्तू एकमेकींना लागल्या की एकीचा काही अंश दुसरीवर राहतोच, हे आज सर्वत्र शिकवले जाणारे तत्त्व याच लोकार्ड यांचे; आणि ते आपल्या विद्यार्थ्यांना होम्सच्या गोष्टी वाचायला सांगत. म्हणजे आधी गोष्टीतली प्रयोगशाळा आली आणि मग खरी. डॉक्टर साळुंखेंचे पणजोबा शोधायचे तर ते हेच.

१८९१ साली डॉइलने लंडनला डोळ्यांचा दवाखाना काढला. त्यासाठी व्हिएन्नाला जाऊन थोडे शिक्षणही घेतले होते. पण रोगी फिरकेनात. रिकाम्या दवाखान्यात बसून त्याने छोट्या होम्सकथा लिहायला घेतल्या आणि ‘स्ट्रँड’ मासिकात त्या जुलै १८९१ पासून येऊ लागल्या. बघता बघता इंग्लंड वेडे झाले. डॉक्टरकी सुटली ती कायमची. डोळ्यांचे ते शिक्षण वाया गेले असे तेव्हा कुणालाही वाटले असते. ते वाया गेले नव्हते, हे पुढे दिसेलच.

होम्सचा त्याला लवकरच कंटाळा आला. आपण ऐतिहासिक कादंबऱ्यांनी ओळखले जावे अशी त्याची इच्छा होती. डिसेंबर १८९३ मध्ये त्याने होम्सला स्वित्झर्लंडमधल्या धबधब्यात ढकलून दिले. वाचकांनी आकांत केला, मासिके बंद केली. अखेर १९०१ मध्ये ‘हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’च्या निमित्ताने होम्स परतला, आणि १९०३ पासून तर जिवंतच झाला. दरम्यान १९०२ मध्ये डॉइल ‘सर’ झाला होता.

अंगठ्याचा ठसा

१९०३ च्या शरदात आलेली ‘नॉरवुड बिल्डर’ ही गोष्ट येथे मुद्दाम सांगितली पाहिजे. बोटांच्या ठशांचे शास्त्र तेव्हा ताजे होते, आणि ते वाढले होते आपल्याच देशात. बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने १८५८ साली एका कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला होता. १८९७ साली कलकत्त्याला ठशांचे पहिले कार्यालय निघाले. ठशांची वर्गवारी बसवण्याचे किचकट काम अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा भारतीयांनी केले. नाव झाले साहेबाचे, एडवर्ड हेन्री यांचे. हेच हेन्री १९०१ मध्ये ही पद्धत लंडनच्या स्कॉटलंड यार्डात घेऊन गेले.

डॉइलच्या गोष्टीत एका तरुण सॉलिसिटरवर खुनाचा आळ येतो. भिंतीवर त्याच्या अंगठ्याचा रक्ताळलेला ठसा सापडतो. पोलीस अधिकारी खूश. पण होम्स म्हणतो, ही भिंत मी काल पाहिली होती, तेव्हा येथे ठसा नव्हता, आणि त्या वेळी तर हा तरुण कोठडीत होता. ठसा मेणावरून उचलून भिंतीवर उमटवलेला निघतो. नवे शास्त्र न्यायालयात येऊन दोन वर्षे होतात न होतात तोच डॉइलने वाचकाला सांगून ठेवले की ठसा खोटे बोलत नाही हे खरे, पण ठसा उमटवणारा बोलू शकतो.

आणि योग असा की त्याच शरदात, इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यात, एक खराखुरा तरुण सॉलिसिटर शास्त्रीय पुराव्याच्या जोरावर तुरुंगात गेला. त्याचे वडील मुंबईचे होते.

एदलजींचा मुलगा

शापूरजी एदलजी हे मुंबईचे पारशी. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, इंग्लंडला जाऊन धर्मोपदेशकाचे शिक्षण घेतले, इंग्रज स्त्रीशी विवाह केला आणि ग्रेट वर्ली या खाणकामगारांच्या गावी ते चर्चचे प्रमुख झाले. काळ्या माणसाने आपल्याला धर्म सांगावा हे गावातल्या काहींना रुचले नाही. निनावी पत्रे, खोटी बोलावणी, घरासमोर टाकलेली घाण, असा छळ वर्षानुवर्षे चालला. थोरला मुलगा जॉर्ज अबोल, अभ्यासू. तो बर्मिंगहॅमला सॉलिसिटर झाला.

१९०३ मध्ये गावाभोवतीच्या शेतांत रात्री कुणीतरी गुरे-घोडी फाडू लागले. ऑगस्टमध्ये खाणीचे एक तट्टू असेच जखमी सापडले. पोलीस थेट एदलजींच्या घरी गेले. जॉर्जचा कोट, बूट, वस्तरे जप्त झाले. पोलिसांच्या डॉक्टरने कोटावर घोड्याचे एकोणतीस केस सापडल्याचे सांगितले. हस्ताक्षरतज्ज्ञाने निनावी पत्रे जॉर्जच्याच हातची असल्याची साक्ष दिली. केस, डाग, बुटांचे ठसे, हस्ताक्षर: मालिकेतल्या प्रयोगशाळेत जे जे असते ते सारे येथे होते. ऑक्टोबरमध्ये जॉर्जला सात वर्षांची सक्तमजुरी झाली.

दहा हजार लोकांनी अर्जावर सह्या केल्या. तीन वर्षांनी, १९०६ मध्ये, कसलेही कारण न देता त्याला सोडण्यात आले. पण डाग तसाच राहिला आणि वकिली गेली. जॉर्जने आपल्या खटल्याची कात्रणे डॉइलकडे पाठवली.

डॉइलचे मन तेव्हा थाऱ्यावर नव्हते. वर्षानुवर्षे क्षयाने खंगत गेलेली पत्नी जुलै १९०६ मध्ये वारली होती. कामात लक्ष लागत नव्हते. अशा अवस्थेत त्याने ती कात्रणे वाचली आणि १९०७ च्या आरंभी जॉर्जला लंडनमधल्या एका हॉटेलात बोलावले. डॉइलला पोहोचायला थोडा उशीर झाला. जॉर्ज वर्तमानपत्र वाचत बसला होता. कागद डोळ्यांच्या अगदी जवळ, आणि किंचित तिरका. लांबून पाहताच डोळ्यांच्या डॉक्टराने ओळखले की या माणसाला लांबचे दिसत नाही, आणि जवळचेही सरळ दिसत नाही. असा माणूस काळोख्या पावसाळी रात्री कुंपणे आणि रेल्वेचे रूळ ओलांडून शेतात जाईल, जनावर हेरून त्यावर वार करील आणि पोलिसांच्या पहाऱ्यातून निसटून घरी येईल? ज्या विद्येने लंडनला एक रोगीही मिळवून दिला नव्हता, ती विद्या त्या दिवशी कामाला आली.

मग डॉइल स्वतः गावात गेला, रस्ता पायी तुडवला, कागद तपासले. जनावराच्या कातड्याचा तुकडा आणि जॉर्जचा कोट पोलिसांनी एकत्रच नेले असतील तर केस कोटावर येणारच. बुटाच्या ठशांचे तर हसेच होते: पहाटे कामावर जाणाऱ्या खाणकामगारांनी ती जमीन तुडवलेली, साचा घेतला नाही, छायाचित्र नाही; शिपायाने जॉर्जचा बूट ठशाशेजारी दाबून पाहिला आणि जुळतो म्हणून सांगितले. सकाळी जनावराच्या जखमेतून रक्त वाहत होते, म्हणजे वार रात्री उशिरा झालेला. त्या वेळी जॉर्ज वडिलांच्याच खोलीत, आतून कुलूप लावलेल्या दाराआड झोपला होता. आणि तो हस्ताक्षरतज्ज्ञ? ॲडॉल्फ बेक नावाच्या निरपराध माणसाला ज्या साक्षीने तुरुंगात पाठवले, ती साक्षही त्याचीच होती. बेकवरचा अन्याय १९०४ मध्ये उघडकीला आला होता.

जानेवारी १९०७ मध्ये डॉइलचे लेख ‘डेली टेलिग्राफ’मध्ये आले आणि खळबळ उडाली. सरकारने समिती नेमली. मे महिन्यात जॉर्जला गुन्ह्यातून माफी मिळाली. पण पत्रे त्यानेच लिहिली असा ठपका ठेवून भरपाई मात्र नाकारली. वकिलीची सनद त्याला परत मिळाली. फौजदारी अपिलाचे स्वतंत्र न्यायालय स्थापन करणारा कायदा इंग्लंडमध्ये त्याच वर्षी झाला, त्याच्या मागे बेक आणि एदलजी या दोन प्रकरणांचे मोठे बळ होते. सप्टेंबरमध्ये डॉइलने जीन लेकी हिच्याशी दुसरे लग्न केले; त्या समारंभाच्या पाहुण्यांत जॉर्ज एदलजी होता.

अठरा वर्षे आणि एक फोटो

दुसरे प्रकरण ऑस्कर स्लेटरचे. डिसेंबर १९०८ मध्ये ग्लासगोला एका श्रीमंत वृद्धेचा खून झाला. एक जडावाची पिन तेवढी चोरीला गेली. स्लेटर हा जर्मन ज्यू, जुगारी, चालचलणूक संशयास्पद. त्याने तशी एक पिन गहाण टाकली होती. पुढे निघाले की ती पिन निराळीच आणि खुनाच्या आधीच गहाण पडलेली. तरी पोलिसांनी माणूस सोडला नाही. त्याच्या सामानात एक लहानशी हातोडी सापडली आणि वैद्यकीय साक्षीदाराने जखमा तिने होऊ शकतात असे सांगितले. प्रेत प्रथम पाहणाऱ्या डॉक्टरचे मत निराळे होते. त्याला साक्षीला बोलावलेच नाही. स्लेटरला फाशीची शिक्षा झाली, ती अवघे दोन दिवस उरले असताना जन्मठेपेत बदलली.

डॉइलला स्लेटरविषयी माणूस म्हणून आदर नव्हता, आणि त्याने तो लपवलाही नाही. तरी १९१२ मध्ये त्याने या खटल्यावर पुस्तिका लिहिली. दाद लागली नाही. १९२५ मध्ये सुटलेल्या एका कैद्याने तोंडात लपवून स्लेटरची चिठ्ठी आणली, तेव्हा डॉइल पुन्हा उभा राहिला. १९२७ मध्ये, अठरा वर्षांनी, स्लेटर सुटला. १९२८ मध्ये शिक्षा रद्द झाली आणि त्याला सहा हजार पौंड भरपाई मिळाली. शेवट गोड झाला नाही. खटल्याचा खर्च कुणी द्यायचा यावरून डॉइल आणि स्लेटर यांचे बिनसले. निर्दोष माणूस कृतज्ञही असतोच असे नाही. न्यायाची ती अटही नसते.

असा हा पुरावा पारखून घेणारा माणूस. आणि त्याच माणसाची दुसरी बाजू पाहिली की आपण चकित होतो. परलोकविद्येकडे त्याचा ओढा जुनाच होता. महायुद्धाच्या काळात तो श्रद्धेत बदलला. १९१८ मध्ये मुलगा किंग्जली गेला, पाठोपाठ धाकटा भाऊ गेला. मृतांशी बोलता येते हे सांगत डॉइल देशोदेशी हिंडला. १९२० मध्ये यॉर्कशायरच्या कॉटिंग्ली गावातल्या दोन मुलींनी काढलेली पऱ्यांची छायाचित्रे त्याच्यापुढे आली. त्याने ती खरी मानली, त्यांवर पुस्तक लिहिले. या पऱ्या कागदातून कापून टोपीच्या टाचण्यांनी उभ्या केल्या होत्या, ही कबुली त्या दोघींनी म्हातारपणी, १९८३ मध्ये, दिली. ज्याने भिंतीवरच्या ठशावर विश्वास ठेवू नका म्हणून सांगितले, तो काचेवर उमटलेल्या चित्राला भुलला. कारण त्याला ते खरे असायला हवे होते. ग्रेट वर्लीच्या पोलिसांनाही जॉर्ज गुन्हेगार असायला हवा होता. उपकरण तेच राहते. पाहणाऱ्याचे मन आधी ठरलेले असले की ते हवे तेच दाखवते.

७ जुलै १९३० रोजी क्रोबरो येथील घरी डॉइलचे निधन झाले. होम्सच्या चार कादंबऱ्या आणि छप्पन कथा मागे राहिल्या.

मालिकेत न दिसणारा अहवाल

डॉइलनंतर प्रयोगशाळा कितीतरी पुढे गेली. १९८४ मध्ये इंग्लंडमधील लेस्टर येथे ॲलेक जेफ्रीज यांनी डीएनएवरून माणूस ओळखण्याची रीत शोधली. आपल्याकडे हैदराबादला डॉ. लालजी सिंग यांनी हे शास्त्र रुजवले. जेफ्रीज यांच्या रीतीचा गुन्ह्याच्या तपासात प्रथम उपयोग झाला तो दोन शाळकरी मुलींच्या खुनांच्या प्रकरणात. पोलिसांनी एका सतरा वर्षांच्या मुलाला पकडले होते आणि त्यातल्या एका खुनाची त्याने कबुलीही दिली होती. डीएनएने सांगितले, दोन्ही खून एकाच माणसाने केले, आणि तो माणूस हा नव्हे. खरा गुन्हेगार नंतर सापडला आणि १९८८ मध्ये त्याला शिक्षा झाली. या शास्त्राची सुरुवात निरपराधाला सोडवण्यातून झाली, हे मालिकांच्या भरात सहसा लक्षात येत नाही.

आणि कधी कधी प्रयोगशाळा काहीच सांगत नाही. पुण्याच्या डॉ. अनंत लागू खटल्याची आठवण जुन्या पिढीला असेल. नोव्हेंबर १९५६ मध्ये लागू यांनी पुण्यातल्या एका सधन विधवेला रात्रीच्या गाडीने मुंबईला नेले. ती रुग्णालयात बेशुद्धावस्थेतच वारली. रासायनिक विश्लेषकाला तिच्या शरीरात विष सापडले नाही. पण ती जिवंत असल्याची खोटी पत्रे, तिच्या मालमत्तेची परस्पर लावलेली विल्हेवाट आणि डॉक्टरांचे त्या दिवसांतले वागणे यांची साखळी न्यायालयाने जोडली. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली, तीही एका न्यायमूर्तींच्या भिन्न मतासह. मालिकेत असे घडले तर प्रेक्षक चुकचुकतील. पण पुरावा म्हणजे केवळ नळीतला रंग नव्हे, हे या खटल्याने शिकवले.

आपल्या राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांचे मुख्यालय मुंबईत कालिना येथे आहे. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड येथे प्रयोगशाळा आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे आवश्यक ठरवले आहे, आणि व्यवस्था उभारण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. पण तज्ज्ञ शहरातून खेड्यात पोहोचेपर्यंत जागा राखायची ती पोलीस पाटलाने आणि गावकऱ्यांनी. शेतात किंवा विहिरीवर काही अघटित घडले की अर्धे गाव धावते. धावण्यात माया असते, धीर द्यायची इच्छा असते. पण त्या पावलांखाली ग्रेट वर्लीच्या चिखलासारखेच सारे पुसले जाते. मग कुणाचा तरी बूट कुणाच्या तरी ठशाशेजारी दाबून पाहण्याची पाळी येते. पाच हात दूर उभे राहणे, कशाला हात न लावणे, दोरी बांधून वाट अडवणे, एवढे केले तरी ते तपासाला मोठे साहाय्य आहे. मालिका पाहणाऱ्या मुलांना हे आता मोठ्यांपेक्षा चांगले कळते. तेवढे श्रेय डॉक्टर साळुंखेंना द्यायला हरकत नाही.

फक्त एक गोष्ट मुलांना घरी सांगितली पाहिजे. मालिकेच्या डॉक्टरांना चाळीस मिनिटांत गुन्हेगार सापडावा लागतो, कारण पुढच्या कार्यक्रमाची वेळ झालेली असते. खऱ्या प्रयोगशाळेतल्या माणसाला घाई करून चालत नाही. त्याच्या टेबलावरच्या बाटलीला लावलेल्या चिठ्ठीवर गुन्हा क्रमांक असतो. पण त्या क्रमांकामागे कुठल्या तरी गावातले एक घर निकालाची वाट पाहत बसलेले असते. त्या घरातला माणूस गुन्हेगार असेल किंवा नसेल. तो नसला, तर नमुना जुळत नाही एवढ्या कोरड्या शब्दांचा अहवाल त्या घराला नवा जन्म वाटतो. मुंबईहून गेलेल्या म्हाताऱ्या शापूरजींनी त्या शब्दांसाठी साडेतीन वर्षे वाट पाहिली, आणि ते शब्द अखेर ज्याने मिळवून दिले तो कुठल्याही प्रयोगशाळेत बसलेला नव्हता. हॉटेलच्या दालनात वर्तमानपत्र तिरके धरून वाचणाऱ्या एका माणसाकडे त्याने, काहीही आधी न ठरवता, नीट पाहिले होते.